प्लग-इन हायब्रिड की पूर्ण इलेक्ट्रिक? आधी घरचा प्लग बघू

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षकांचा आहे. शाळेत जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर. वडिलांच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा नागपूर. घरची सात एकर शेती, दारात डिझेलची जुनी बोलेरो, आणि नव्या गाडीसाठी अठरा लाखांपर्यंतची तयारी. जर्मनीत असलेला भाचा म्हणतो, ‘मामा, प्लग-इन हायब्रिड घ्या, रोजचं विजेवर चालेल, लांबचं पेट्रोलवर.’ शेजारचे म्हणतात, ‘इकडे लाईनच नसते, तर ती गाडी घेऊन करता काय?’ सरांना विचारायचंय, दोघांपैकी खरं कोणाचं.

मी यवतमाळात ऑटो-इलेक्ट्रिकचं वर्कशॉप चालवतो. आधी डायनॅमो, स्टार्टर, वायरिंग करत होतो. गेल्या काही वर्षांत इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर बसवणं आणि त्यासाठी घरचं वायरिंग सुधारून देणं हेच काम जास्त झालंय. त्यामुळे माझं उत्तर गाडीपेक्षा भिंतीकडून जास्त येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

सर, पहिल्यांदा एक गोंधळ दूर करू. शोरूममध्ये ‘हायब्रिड’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गाड्या विकल्या जातात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हात देते, विजेवर गाडी अशी चालतच नाही. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे ग्रँड विटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस यांची ती आवृत्ती, थोडं अंतर विजेवर जाते, पण तिला बाहेरून चार्ज करता येत नाही. ती वीज पेट्रोलमधून आणि ब्रेकमधूनच तयार करते. तिसरी प्लग-इन हायब्रिड. तिची बॅटरी साधारण १० ते २० युनिटची (युनिट म्हणजे किलोवॉट-तास, शोरूममध्ये kWh लिहितात ते), घरच्या प्लगवर चार्ज होते, ५० ते ८० किलोमीटर विजेवर नेते आणि मग इंजिन सुरू होतं. भाचा बोलतोय ती ही तिसरी. युरोपात आणि चीनमध्ये ती भरपूर विकली जाते. आपल्याकडे मात्र आज ती मिळते बीएमडब्ल्यू एक्सएम किंवा रेंज रोव्हर अशा गाड्यांत, कोटींच्या भावात. तुमच्या अठरा लाखांत ती नाही.

म्हणजे प्रश्न इथेच संपला असं म्हणता येईल. पण मी संपवत नाही, कारण सामान्य बजेटमधली प्लग-इन हायब्रिड उद्या आली की हाच प्रश्न पुन्हा येणार. आणि तुमच्या शेजाऱ्यांची शंका फार लोकांच्या मनात आहे: वीज बेभरवशाची असेल तर इंजिन असलेली गाडीच बरी. वरवर बघता बरोबर वाटतं. हिशेब केला की उलटं निघतं.

बघा. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी १८ युनिटची धरू, त्यातले वापरता येणारे साधारण १५. गाडी जड, दोन यंत्रणा वाहून नेणारी, युनिटला ५ किलोमीटर जाईल. झाले ७५ किलोमीटर. तुमची शाळेची एक फेरी झाली की बॅटरी जवळपास रिकामी. म्हणजे तिला रोज रात्री वीज पाहिजेच. एक रात्र लाईन गेली की दुसऱ्या दिवशी तुम्ही पेट्रोलवर, आणि तेही बॅटरी-मोटरचं ओझं घेऊन.

आता ४५ युनिटची इलेक्ट्रिक गाडी घ्या, नेक्सॉनची मोठ्या बॅटरीची आवृत्ती त्या मापाची आहे. आपल्या रस्त्यावर ६०-७० च्या वेगाने तुमच्या ६० किलोमीटरला तिच्या बॅटरीतून ९ युनिट जातील. सोमवारी सकाळी भरलेली गाडी गुरुवारी संध्याकाळीही थोडी शिल्लक घेऊन घरी येते. मधल्या तीन रात्री गावात अंधार असला तरी तिला फरक पडत नाही. आठवड्यातल्या ज्या चार रात्री लाईन नीट आली, तेवढ्या तिला पुरतात. पाण्याची मोठी टाकी असलेल्या घराला नळ दिवसाआड आला तरी चालतो, तसंच हे. लोडशेडिंगच्या गावात मोठी बॅटरी जास्त सोयीची आणि छोट्या बॅटरीची गाडी जास्त परावलंबी, ही गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत, कारण त्यांनी गाव बघितलेलं नसतं.

रोज चार्ज न केलेल्या प्लग-इन हायब्रिडचं काय होतं, हे युरोपातच दिसलंय, जिथे लाईन जात नाही. युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांतच बसवलेल्या इंधन-मीटरच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. कारण साधं आहे: धरलं होतं तेवढा प्लग लोक लावत नाहीत. इंजिन आहे ना, मग आळस करायला मोकळीक. तिथे आळस, आपल्याकडे महावितरण, परिणाम एकच.

आता शेजाऱ्यांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचं म्हणणं एका बाबतीत खरं आहे. रोजचं लोडशेडिंग वेगळं आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळणं वेगळं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हरभऱ्या-गव्हाच्या ओलितासाठी सगळे पंप एकदम सुरू झाले की डीपीवर लोड येतो, आणि एकदा जळली की लाईनमनचं उत्तर ठरलेलं, ‘पाहू भाऊ, वरून आली की बसवू.’ ती कधी दोन दिवसांत येते, कधी आठवडा जातो. तेवढ्या काळात इलेक्ट्रिक गाडीला तालुक्याला किंवा यवतमाळला नेऊन चार्ज करावं लागेल. प्लग-इन हायब्रिड तिथे जिंकते. पण तुमच्या दारात बोलेरो उभी आहे की. बोलेरो आणि इलेक्ट्रिक गाडी मिळून तुमचं घर आधीच प्लग-इन हायब्रिड झालंय, फक्त इंजिन आणि बॅटरी वेगवेगळ्या चाकांवर आहेत. म्हणून माझा पहिला सल्ला: बोलेरो विकू नका. एक्स्चेंज बोनस म्हणून जे देतील त्यापेक्षा ती तुमच्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात जास्त कामाची आहे. काळ्या मातीच्या चिखलात बॅटरी पोटाशी घेऊन फिरणारी कुठलीही गाडी नेऊ नये. (दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरची ती बंदीची भानगड दिल्लीकडची. आपल्याकडे नोंदणीची मुदत आणि फिटनेस बघायचा.)

खर्चाचं बोलू. शाळेच्या फेऱ्या महिन्याला साधारण १,४४० किलोमीटर. पेट्रोलची साधी गाडी लिटरला १६ देते असं धरलं तर ९० लिटर, लिटरला १०५ रुपयांनी साडेनऊ हजारांच्या जवळ. स्ट्राँग हायब्रिडने २२ दिले तर पावणेसात-सात हजार. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधली गळती धरून मीटरवरून युनिटला सहा किलोमीटर पकडा, म्हणजे २४० युनिट. आता युनिट कितीचं? इथे लोक फसतात. ‘घरची वीज स्वस्त’ म्हणतात, पण महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. शंभर युनिटच्या आत एक भाव, पुढे तीनशेपर्यंत जवळपास दुप्पट, त्यानंतर आणखी चढता. गाडीचे २४० युनिट तुमच्या पंखा-फ्रिज-टीव्हीच्या वर चढतात, म्हणजे ते सगळे महागड्या टप्प्यात जातात. युनिटला १२ रुपये धरले तर २,८८० रुपये. तरी पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच. पण ‘किलोमीटरला एक रुपया’ हे जे जाहिरातीत असतं ते विसरा, दोनच्या आसपास धरा.

हे कमी करायला दोन रस्ते. चार्जिंगसाठी वेगळ्या मीटरची मागणी महावितरणकडे करता येते, त्याचा दर घरगुती टप्प्यांत येत नाही. किंवा छतावर सोलर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि आपल्या उन्हात ३ किलोवॉट महिन्याला तीनशेच्या वर युनिट सहज देतं. गाडी दिवसा शाळेत उभी असली तरी हरकत नाही, नेट मीटरिंगमध्ये दिवसाचे युनिट लाईनमध्ये जमा होतात आणि रात्री वजा होतात. मात्र एक गोष्ट नीट ऐका. साधं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेली की स्वतःही बंद पडतं. लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनला उलटा करंट बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. छतावर पॅनल, डोक्यावर सूर्य, आणि गाडी चार्ज होत नाही, अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात. लाईन नसतानाही चार्ज करायचं असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो खर्च मी तुम्हाला सुचवणार नाही. गाडीतच ४५ युनिट आहेत, आणखी बॅटरी कशाला?

आणि हो, शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावायची कल्पना डोक्यात असेल तर काढून टाका. साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज मोफत झाल्यापासून ही कल्पना गावोगावी सुचायला लागली आहे. शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली येतं, दंडाचं बिल येतं. शिवाय शेती फीडरचा सप्लाय दिवसा-रात्रीच्या पाळ्यांत, आणि तिथलं व्होल्टेज म्हणजे देवाची मर्जी.

आता भिंतीकडे येतो, कारण तुमचा निर्णय खरा तिथे आहे. गावात इलेक्ट्रिक गाडी नीट न चालण्याची जेवढी प्रकरणं मी बघितली, त्यातली बहुतेक घराच्या वायरिंगची होती. गाडीबरोबर येणारा चार्जर अर्थिंग तपासतो. अर्थिंग नसेल तर लाल दिवा लावतो आणि चार्जच करत नाही. लोकांना वाटतं चार्जर खराब आहे. आपल्याकडे जुन्या घरांत अर्थिंग म्हणजे बांधकामाच्या वेळी पुरलेला एक सळईचा तुकडा, ज्याच्याकडे नंतर कोणी बघितलं नाही. काही ठिकाणी तर वायरमनने सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेले असतात. चार्जर त्याला कधीकधी फसतो, पण न्यूट्रल तुटला तर गाडीचं सगळं पत्र्याचं अंग फेजवर येतं. हे जीवघेणं आहे. कोणी ‘जुगाड करून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

गाडीसाठी स्वतंत्र अर्थिंग करा, तांब्याची किंवा जीआयची प्लेट किंवा पाइप, आजूबाजूला कोळसा-मीठ किंवा तयार पावडर, वर पाणी टाकायला जागा. मीटरपासून गाडीपर्यंत वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. १६ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा सॉकेट, भिंतीत घट्ट बसवलेला. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. टीव्ही लावायचा तो बोर्ड आठ तास तीन किलोवॉट ओढायला बनलेलाच नसतो, प्लगची पिन काळी पडून वितळते. मंजूर भार घरी एक-दोन किलोवॉट असेल तर तो वाढवून घ्या. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा, आणि सर्ज प्रोटेक्टर बसवा. जून-सप्टेंबरात आपल्याकडे विजा कशा पडतात हे तुम्हाला सांगायला नको.

व्होल्टेजचं एक. संध्याकाळी सात ते दहा गावात व्होल्टेज १७०-१८० वर येतं, तेव्हा चार्जर एकतर थांबतो किंवा रडतखडत चालतो. मध्यरात्रीनंतर तेच २३० च्या पुढे जातं. गाडीच्या ॲपमध्ये किंवा स्क्रीनवर वेळ लावून ठेवा, रात्री बारानंतर सुरू. पहाटे पाचपर्यंत १३-१४ युनिट भरले जातात, तुमच्या दीड दिवसाचं काम झालं. साडेसात किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा मोठा चार्जर, शहरातल्या लोकांनी बसवावा. गावच्या सिंगल फेजवर तो लावला की शेजाऱ्याचा बल्ब मंद होतो आणि मग भांडण.

उन्हाचं लोक फार विचारतात. मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला तर बॅटरी फुटेल का? नाही. आता स्वस्तातल्या बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी येते, ती उष्णतेला तुलनेने सोशिक आहे, आणि द्रवाने थंड करायची सोय असली की बरं. उन्हाने तिचं आयुष्य थोडं घटतं, हे खरं. पण आयुष्य फेऱ्यांवरही जातं. तुमच्या वर्षाच्या साधारण २६ हजार किलोमीटरला ४५ युनिटची बॅटरी शंभरच्या आत वेळा पूर्ण भरते-रिकामी होते. प्लग-इन हायब्रिडची छोटी बॅटरी रोज रिकामी होऊन दोनशेच्या वर वेळा. त्याच उन्हात कोण आधी थकेल, तुम्हीच ठरवा. गाडी झाडाखाली किंवा शेडमध्ये लावा, निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच एसी दहा मिनिटं चालवा. एलएफपीला अधूनमधून शंभर टक्के भरू द्या, नाहीतर टक्क्यांचा आकडा खोटा दाखवायला लागते.

प्लग-इन हायब्रिडला उन्हापेक्षा वेगळाच त्रास आहे, तो म्हणजे न वापरलेलं पेट्रोल. रोजचं विजेवर झालं तर टाकीतलं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहतं. शेवरलेच्या व्होल्टमध्ये म्हणून सोय होती, इंजिन फार दिवस चाललं नाही की गाडी ते आपोआप चालवायची आणि पेट्रोल वर्षाचं झालं की जाळून टाकायची. आता आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. श्रावणात महिनाभर उभ्या राहिलेल्या टाकीत काय होतं ते जुन्या स्कूटरवाल्यांना विचारा. ऑइलसुद्धा किलोमीटरवर नाही, वर्षावर बदलावं लागतं. म्हणजे खर्च इंजिनाचाही आणि मोटरचाही.

करात मात्र फरक आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या दरात चार मीटरवरच्या हायब्रिडला ४० टक्के. चाळीस आणि पाचमधलं अंतर एवढं मोठं असताना कंपन्या स्वस्तातली प्लग-इन हायब्रिड इकडे आणायची घाई करतील असं मला वाटत नाही. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफीही ठेवली आहे.

नागपूरचं सांगतो. दारव्हा-यवतमाळ-वर्धा-नागपूर एका बाजूने १९० च्या आसपास. महामार्गावर शंभरने, एसी लावून, मे महिन्यात ४५ युनिटची गाडी २२०-२४० देईल. म्हणजे जाताना पोहोचता, पण येताना पुरत नाही. नागपूरला दवाखान्याजवळ फास्ट चार्जर बघून ठेवा. वडिलांची तपासणी होईपर्यंत गाडी भरते. उन्हात फास्ट चार्जिंग थोडं हळू होतं, बॅटरी तापू नये म्हणून गाडीच वेग कमी करते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. एक चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे, हे निघतानाच बघून निघायचं. वडिलांची तब्येत अशी असेल की मध्यरात्री अचानक नागपूर गाठावं लागतं, तर तेव्हा बोलेरो. त्या वेळी चार्जर शोधायची कटकट डोक्याला नको. बोलेरो नसती तर मी तुम्हाला याच एका कारणावरून स्ट्राँग हायब्रिड सांगितली असती.

समृद्धीने जाणाऱ्या दुसऱ्या लोकांसाठी म्हणून: १२० ने चालवली तर तीच गाडी बरीच कमी जाते. वेग ९० वर ठेवा, चार्जिंगचा एक थांबा वाचतो आणि वेळ जवळपास तोच लागतो. आणि मेळघाटवाले घाटाला उगाच घाबरतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याला साधारण सातशे मीटरची चढण आहे, दीड-पावणेदोन टनांच्या गाडीला नुसत्या चढाईचे साडेतीन-चार युनिट जास्त जातात, आणि उतरताना त्यातले निम्म्याहून जास्त परत येतात.

बिघाडाचं थोडक्यात. हाय व्होल्टेजचं काम गावच्या मेकॅनिकला करू देऊ नका, मीही कंपनीचं प्रशिक्षण नसलेल्या गाडीचा नारंगी केबल उघडत नाही. सोयाबीन-तूर घरात आली की उंदीर गाडीत शिरतात, त्यांना केबलचा रंग कळत नाही, तेव्हा त्या महिन्यांत बोनेट आठवड्याला उघडून बघा. आणि गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत ओढत आणायची नाही. चाकं फिरली की मोटर वीज तयार करते आणि गाडीतला इन्व्हर्टर जाऊ शकतो. चिखलातून दोन-चार फूट बाहेर काढणं ठीक, पुढे फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक. हा नियम पोरांना, सालदाराला, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, कारण मदतीला येणारा माणूस पहिलं काम तेच करतो.

तर सर, तुम्ही बोलेरो ठेवून ४५ युनिटच्या आसपासची इलेक्ट्रिक गाडी घ्या. ३० युनिटची स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, तिने तुमच्या दोन-तीन रात्रींची मोकळीक जाते आणि नागपूरही. बुकिंगच्या आधी पंधरा दिवस घरची लाईन कधी येते-जाते आणि रात्री एक वाजता व्होल्टेज किती असतं ते वहीत लिहा. पंधरा दिवसांत सलग चार रात्री लाईन गेली असेल तर मला कळवा, मग वेगळं बोलू. वायरमनकडून अर्थिंगची मोजणी करून घ्या, पण ती एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी ठणठणीत असताना. पावसाळ्यात मोजलं तर सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं येतं.